घरगुती बुद्धिबळ-यंत्राचा वेग

जळगांवांतील एखाद्या घराचें चित्र श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. महाविद्यालयांत शिकणारा मुलगा, त्याचा चारपांच वर्षांचा जुना संगणक, आणि त्या संगणकासाठीं त्यानें स्वतः लिहिलेली बुद्धिबळ खेळण्याची आज्ञावली. धुळ्याला त्याचे मामा राहतात. त्यांना बुद्धिबळाचा जुना नाद. दर रविवारीं दूरध्वनीवरून डाव मांडला जातो. इकडे यंत्र, तिकडे मामा. मामा आपली चाल सांगतात, भाचा ती यंत्राला कळवितो, आणि मग दोन्ही गांवीं वाट पाहणें सुरू होतें. "अरे, तुझ्या यंत्राची एक चाल येईपर्यंत इकडे चहा दोनदां होतो," असें मामांनीं हंसत म्हणावें, आणि भाच्यानें त्याच रात्रीं वडिलांजवळ नव्या, अधिक वेगवान संगणकाची गोष्ट काढावी, हें ओघानेंच आलें.

हें चित्र काल्पनिक आहे. परंतु त्यांतील अडचण खरी आहे, आणि असें यंत्र घरीं रचूं पाहणाऱ्या प्रत्येकाला ती भेटते. नवा संगणक घ्यावा कीं न घ्यावा हा मध्यम स्थितीच्या घरांत हजारों रुपयांचा प्रश्न असतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं यंत्राचा वेळ नेमका कोठें जातो, हें पाहणें इष्ट आहे.

यंत्राच्या विचाराची रीत मुळांत अगदीं भोळी आहे. "मीं ही चाल केली तर प्रतिपक्षी काय करील? त्यावर मीं काय करावें?" असे प्रश्न विचारीत तें पुढें जातें, ठराविक खोलीवर थांबतें, तेथल्या पटावरील मोहऱ्यांचें मोल मोजतें, आणि मग मागें येत येत पहिली चाल ठरवितें. आपल्या पाळीला तें सर्वांत मोठा आंकडा घेतें. प्रतिपक्षी सर्वांत लहान आंकडा घेईल असें धरतें. रीत सोपी आहे. तिचा विस्तार मात्र भयंकर आहे. डावाच्या आरंभीं पांढऱ्याला २० चाली असतात. काळ्याच्या उत्तरासह विचार केला म्हणजे ४०० मार्ग होतात. तिसऱ्या थराला ते ८,९०२ होतात, चौथ्याला १,९७,२८१, पांचव्याला ४८,६५,६०९, आणि सहाव्याला ११,९०,६०,३२४. येथें थर म्हणजे एका पक्षाची एक चाल. अर्थात् सहा थर म्हणजे दोघांच्या तीन तीन चाली. धुळ्याच्या मामांना एवढें पुढचें तर पुष्कळदां चहा पितां पितां दिसतें.

जळगांवचें यंत्र सेकंदाला एक लाख स्थिति तपासतें असें धरूं. चार थरांना त्याला दोन सेकंद पुरतात. पांच थरांना एकूणपन्नास सेकंद लागतात. सहा थरांना मात्र जवळजवळ वीस मिनिटें! मामांचा दोनदां होणारा चहा तो हाच. आतां दुप्पट वेगाचा संगणक आणला, तर वीस मिनिटांचीं दहा मिनिटें होतील. पण मिनिटाभरांत उत्तर हवें असेल तर यंत्र होतें तेथेंच, पांचव्या थरावर, राहील. पांचव्यावरून सहाव्यावर जाण्यास वेग चोवीसपटीहून अधिक वाढावा लागतो. इतका वेग बाजारांत एका दमांत विकत मिळत नाहीं.

ही अडचण या विद्येच्या जन्माइतकी जुनी आहे. १९४८ च्या सुमारास इंग्लंडांत ॲलन ट्युरिंग व डेव्हिड चँपरनौन यांनीं बुद्धिबळ खेळण्याची एक नियमावली कागदावर रचली. ती चालविण्यास योग्य असा संगणक हाताशीं नव्हता. म्हणून १९५२ सालीं ट्युरिंग स्वतःच संगणक झाले. कागदावर एकेका चालीचा हिशेब करीत ते ॲलिक ग्लेनी यांच्याशीं एक डाव खेळले. एकेका चालीस सुमारें अर्धा तास लागे, आणि इतकें करून डाव ते हरले. तिकडे अमेरिकेंत क्लॉड शॅनन यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असा हिशेब मांडला कीं, डावाच्या मध्यावर साधारणतः तीसएक चाली शक्य असतात, आणि सगळे संभाव्य डाव मोजूं गेल्यास ती संख्या एकावर एकशें वीस शून्यें इतकी होते. नुसतें धांवून हें अंतर कधींही तोडतां येणार नाहीं, हें तेव्हांच स्पष्ट झालें. मग यंत्राला वेग आला कसा?

त्याचें उत्तर समजण्यास रावेर-यावलच्या केळीच्या बागांकडे जावें. अशी कल्पना करा कीं, एका बागाईतदारानें केळीच्या घडांचे अनेक ढीग लावले आहेत. घेणाऱ्यानें ढीग निवडावा, पण त्या ढिगांतील घड देणारा देईल तो घ्यावा, असा करार आहे. आणि देणारा अर्थातच सर्वांत हलका घड देणार. घेणाऱ्यानें पहिला ढीग पूर्ण तपासला. त्यांतला सर्वांत हलका घड बारा किलोचा निघाला. म्हणजे बारा किलो तर हातचे झाले. तो दुसऱ्या ढिगाकडे वळला आणि पहिलाच घड नऊ किलोचा दिसला. आतां त्या ढिगांतले बाकीचे घड कितीही भरदार असोत, देणारा नऊहून अधिक देणार नाहीं. मग ते उचलून पाहण्यांत काय अर्थ? शहाणा गिऱ्हाईक तेथूनच पाठ फिरवितो. त्यानें घड एकच पाहिला. पण सगळा ढीग पाहून जो निर्णय झाला असता, तोच निर्णय झाला. यत्किंचितही चूक झाली नाहीं.

बुद्धिबळ-यंत्रांतील छाटणी ती हीच. तिला आल्फा-बीटा असें नांव आहे. ढीग म्हणजे आपली चाल, घड म्हणजे प्रतिपक्ष्याचें उत्तर. एखाद्या चालीला एकच मारक उत्तर सांपडलें कीं, तिचीं उरलेलीं उत्तरें पाहण्याचें कारण उरत नाहीं. डोनाल्ड क्नूथ व रोनाल्ड मूर यांनीं १९७५ सालीं या छाटणीचें गणित सविस्तर मांडलें. प्रत्येक स्थितींत तीस चाली आणि सहा थरांची खोली धरली, तर छाटणीवांचून शेवटच्या थरावर ७२ कोटि ९० लाख स्थिति पाहाव्या लागतात. छाटणी सर्वोत्तम साधली तर ५३,९९९ पुरतात. जळगांवच्या त्याच जुन्या संगणकावर पहिल्या कामाला दोन तास लागतील, दुसऱ्याला अर्ध्या सेकंदाहून थोडें अधिक. यंत्र तेंच, पट तोच, उत्तरही तेंच.

"सर्वोत्तम साधली तर" या शब्दांत मात्र सगळी मेख आहे. गिऱ्हाइकानें निकस ढिगापासून आरंभ केला असता, तर हातचे बारा किलो लवकर झाले नसते. आणि नऊ किलोचा घड ढिगाच्या तळाशीं असता, तर वरचे सारे घड उचलावेच लागले असते. उलट क्रमानें पाहणाऱ्यास ही छाटणी कांहींच वांचवून देत नाहीं. म्हणून चांगली दिसणारी चाल आधीं पाहावी, हा पहिला नियम. प्याद्यानें वजीर मारतां येत असेल, तर ती चाल सर्वांआधीं तपासावी; वजिरानें जोर असलेलें प्यादें मारण्याची चाल मागें ठेवावी. शेजारच्या फांदीवर जें उत्तर मारक ठरलें, तें येथेंही लागू पडतें का, हें प्रथम पाहावें. कारण हत्तीवर आलेला घोड्याचा मार आपण भलत्याच कोपऱ्यांतलें प्यादें सरकविल्यानें टळत नाहीं.

चाल चांगली आहे हें तपासण्यापूर्वीं कसें कळावें, अशी शंका येथें येईल. तिचें उत्तर मोठें मौजेचें आहे. यंत्रानें एकदम सहा थरांत उडी घेऊं नये. आधीं एक थर पाहावा, मग पुन्हां आरंभापासून दोन, मग तीन, असें करीत सहांवर यावें. प्रत्येक फेरींत जी चाल उत्तम ठरेल, ती पुढच्या फेरींत सर्वांआधीं घ्यावी. तेंच तें काम पुनःपुन्हां करणें ही उधळपट्टी वाटते. पण वरचेच आंकडे पाहा: पहिल्या पांच थरांची बेरीज ५०,७२,२१२ होते, आणि एकटा सहावा थर ११ कोटि ९० लाखांचा. म्हणजे पुनरावृत्तीचा खर्च शेंकडा सव्वाचार. आणि त्या मोबदल्यांत मिळणारा चांगला क्रम मात्र अनेकपट काम वांचवितो. शिवाय वेळ मध्येंच संपला तरी मागील फेरीची एक विचारलेली चाल हातीं असतेच.

दुसरी बचत स्मरणाची. जळगांवाहून धुळ्याला मोटारीनें निघालेला प्रवासी एरंडोलवरून येवो किंवा धरणगांव-अमळनेरवरून येवो, पारोळ्याला पोहोंचल्यावर धुळ्याचा पुढचा रस्ता एकच. पटावरही तसेंच घडतें. आधीं राजाचें प्यादें आणि मग घोडा, किंवा आधीं घोडा आणि मग प्यादें. दोन्ही मार्गांनीं अखेर एकच स्थिति येते. ती एकदां तपासली असेल तर दुसऱ्यांदा तपासण्याचें कारण नाहीं. निकाल टिपून ठेवला म्हणजे झालें. टिपलेलें चटकन् सांपडावें म्हणून अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत आल्बर्ट झोब्रिस्ट यांनीं १९७० सालीं एक सुंदर युक्ति सांगितली. बारा प्रकारचे मोहरे व चौसष्ट घरें मिळून ७६८ जोड्या होतात; प्रत्येक जोडीला एकेक मोठी, कशीही उचललेली संख्या द्यावी, आणि पटावरील सर्व संख्या एका विशिष्ट क्रियेनें मिसळून त्या स्थितीचा एक क्रमांक करावा. कोणाची पाळी आहे, किल्लेकोटाचा हक्क उरला आहे का, अशा गोष्टींसाठींही कांहीं संख्या मिळवाव्या लागतात. त्या क्रियेचा गुण असा कीं, तीच संख्या दुसऱ्यांदा मिसळली म्हणजे ती निघून जाते. त्यामुळें घोडा हलला तर साऱ्या पटाचा हिशेब नव्यानें करावा लागत नाहीं. जुन्या घराची संख्या काढावी, नव्या घराची घालावी, कीं नवा क्रमांक तयार.

इतकें झाल्यावर मग खऱ्या अर्थानें धांवण्याचा विचार करावा. आजच्या संगणकाचा एक शब्द चौसष्ट अंकांचा असतो आणि पटालाही घरें चौसष्टच. हा योगायोग रचनाकारांना फार उपयोगीं पडला. एकेका प्रकारच्या मोहऱ्यांसाठीं चौसष्ट दिव्यांची एक माळ कल्पावी. जेथें मोहरा तेथें दिवा पेटलेला. अशा बारा माळांत सारा पट मावतो, आणि पांढऱ्याचीं सगळीं प्यादीं एकेक घर पुढें सरकविणें ही संगणकाची एकच क्रिया होते. प्रत्येक चालीगणिक पटाची नवी प्रत काढण्याऐवजीं चाल करून पाहावी आणि ती परत घ्यावी, हेंही त्यांतलेंच. मात्र कोठें वेळ जातो हें तर्कानें ठरवूं नये, मोजून पाहावें. रचनाकाराला ज्या भागाचा संशय येतो तो बहुधा निरपराध असतो, आणि ज्याच्याकडे त्याचें लक्षही नसतें अशी एखादी लहानशी ओळ निम्मा वेळ खात बसलेली असते.

यंत्र वेगवान झालें म्हणजे कर्त्याला आनंद होतो, आणि धोकाही नेमका तेव्हांच असतो. चाली शोधण्याचें काम चुकून अर्धवट होऊं लागलें तरी यंत्र वेगवान दिसतें. ज्यानें किल्लेकोट किंवा प्याद्याची बढती मोजलीच नाहीं, तो लवकर मोकळा होणारच! याकरितां वर दिलेले आंकडे कसोटीसारखे वापरावे. प्रत्येक सुधारणेनंतर छाटणी बंद करून आरंभींच्या पटावरून चार थरांची मोजणी करावी. १,९७,२८१ हाच आंकडा आला पाहिजे. एकानेंही फरक पडला तर वेगाचा आनंद बाजूस ठेवून चूक शोधावी. परंतु आरंभीच्या पटावरून चार थरांत किल्लेकोट वा बढती येऊंच शकत नाहीं. म्हणून ज्यांचे आंकडे प्रसिद्ध आहेत अशा दुसऱ्या, गुंतागुंतीच्या स्थितीही घ्याव्या. तसेंच छाटणीसह व छाटणीवांचून काढलेला स्थितीचा भाव तंतोतंत एकच असला पाहिजे; केळीच्या ढिगाच्या व्यवहारांत निर्णय बदलला नव्हता, हें विसरूं नये.

याहून धाडसी छाटण्याही आहेत. आपली पाळी सोडून दिली तरीही आपली बाजू वरचढ राहते असें दिसलें, तर ती फांदी फार खोल न पाहतां टाकून द्यावी, असा एक प्रघात आहे. तो बहुधा खरा ठरतो. परंतु डावाच्या अखेरीस कधीं कधीं जो हलेल तो हरेल अशी कोंडी होते, आणि तेथें हाच नियम यंत्राला तोंडघशीं पाडतो. त्याचप्रमाणें मारामारीच्या ऐन मध्यावर विचार थांबविणेंही घातक. वजिरानें प्यादें मारलें, एवढ्यावरच खोली संपली, तर यंत्राला लाभ दिसतो. पुढच्याच चालीला वजीर जाणार हें त्याच्या दृष्टीच्या पलीकडे राहतें. म्हणून मारामारी शमेपर्यंत पाहावें, आणि मगच मोल करावें. येथें थोडा वेळ अधिक खर्चावा हीच खरी काटकसर होय.

मोठ्या यंत्रांचा इतिहास हेंच सांगतो. १९९७ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें डीप ब्लू या यंत्रानें जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं हरविलें. तें सेकंदाला सुमारें वीस कोटि स्थिति तपासूं शकत होतें. पुढें वीस वर्षांनीं, १९१७ नव्हे, २०१७ च्या डिसेंबरांत, आल्फाझीरो या यंत्राची हकीकत प्रसिद्ध झाली. तें सेकंदाला ऐंशी हजार स्थितीच पाही. त्याचा प्रतिस्पर्धी स्टॉकफिश सात कोटि पाही. शंभर डावांत आल्फाझीरोनें अठ्ठावीस जिंकले, बहात्तर बरोबरींत सोडविले, आणि एकही गमावला नाहीं. त्या सामन्याच्या अटींविषयीं वाद झाला हें खरें. त्याला मिळालेलीं साधनेंही असामान्य होतीं. तरी काय पाहावें याची निवड चांगली असेल, तर थोडें पाहूनही भागतें, एवढें त्यावरून दिसलें.

खानदेशाला हा विचार अगदींच परका नाहीं. जळगांवाहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगांव लागतें. तेथूनच एक फांटा धुळ्याला जातो. त्या चाळीसगांवाजवळ डोंगराच्या पायथ्याशीं पाटण आहे. तेथील देवळांतला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणला. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव यानें आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, आणि त्याला इ. स. १२०७ मध्यें दान मिळालें, असें त्या लेखावरून कळतें. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'ंत 'अंकपाश' नांवाचें प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल केली तर मूर्तीचे किती प्रकार होतील, असा त्यांत प्रश्न आहे, उत्तर ३६,२८,८००. मिनिटाला एक मूर्ति या वेगानें कोणी मोजूं लागला, तर अहोरात्र २,५२० दिवस लागतील. भास्कराचार्यांचा विद्यार्थी एकापासून दहापर्यंतच्या अंकांचा गुणाकार करतो आणि पाटी खालीं ठेवतो. मोजण्याचा वेग त्यानें वाढविला नाहीं; मोजण्याची गरजच काढून टाकली.

आतां पुन्हां जळगांवच्या त्या घरीं. वडिलांनीं मुलाला नव्या संगणकाचें उत्तर आजच देऊं नये. आधीं त्यानें क्रम सुधारावा, छाटणी बसवावी, टिपण ठेवावें, आणि प्रत्येक पायरीवर आंकडे जुळवून पाहावे. याला सुट्टीचे कांहीं आठवडे लागतील, पैसा लागणार नाहीं. एवढें झाल्यावर पाहिजे तर नव्या यंत्राचा विचार करावा. कारण तेव्हां तोच पैसा अधिक फळ देईल. छाटणी नसतांना एक थर अधिक जाण्यास तीस चालींच्या हिशेबानें तीसपट वेग हवा. छाटणी उत्तम साधली तर सरासरीनें साडेपांचपट पुरतो.

आणि एखाद्या रविवारीं धुळ्याच्या मामांनीं चाल सांगून दूरध्वनी खालीं ठेवण्यापूर्वींच जळगांवाहून उत्तर येईल. मामांना त्या दिवशीं चहा निवेपर्यंत विचार करावा लागेल, आणि वाट पाहण्याची पाळी भाच्याची असेल.